सावलीला किती गुण

आमच्या विभागात तिला कात्री म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला ते ठाऊक आहे आणि तिचं त्याला काही म्हणणंही नाही. प्रकल्प तपासताना ती चष्मा कपाळावर सरकवते, स्क्रीनच्या अगदी जवळ जाते आणि मऊ आवाजात म्हणते, "इथे थोडं कापावं लागेल." ओरडून कापलेले गुण मुलं विसरतात, हे असे कापलेले विसरत नाहीत.

मी त्याच विभागात गणित शिकवते. आमची टेबलं एकमेकांना लागून आहेत. मधे एक कुंडी आहे. तिच्यातलं रोप कोणाचं हे आजवर ठरलेलं नाही, त्यामुळे त्याला एखाद्या दिवशी दोनदा पाणी मिळतं आणि एखाद्या आठवड्यात मुळीच मिळत नाही. तोंडी परीक्षेला दुसरी परीक्षक म्हणून ती मलाच बसवते. "तुला कोडमधलं फारसं कळत नाही, म्हणून तू हवीस," असं तिने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मी ते कौतुक समजून घेतलं.

तिचा विषय वेबसाइट बनवण्याचा. मुलं तिघातिघांचे गट करतात, सत्रभर खपून एक साइट उभी करतात आणि सत्र संपताना ती तपासायला तिच्यापुढे ठेवतात. तिची तपासणी बघण्यासारखी असते. साइट उघडल्यावर ती आधी काहीच करत नाही. नव्या घरी गेलेला पाहुणा जसा उंबऱ्याशी घुटमळतो तशी नुसती बघत बसते. मग हळूहळू शहाणा माणूस जे कधी करणार नाही ते सगळं करू लागते. नावाच्या जागी फोन नंबर लिहिते, फोनच्या जागी एक उसासा टाकल्यासारखी टिंबंच टिंबं. अर्धवट भरून मागे जाते. एकच बटण चिडक्या मुलासारखं दाबत राहते. काच तडकलेल्या जुन्या फोनवर, जिन्याखाली जिथे इंटरनेट धड पोचत नाही तिथे उभी राहून सगळं परत करते.

"इतकं वेड्यासारखं कोण वागतं?" मी एकदा विचारलं.

"सगळेच. माणसं शहाणी असती तर आपल्याला कामच उरलं नसतं."

आणि गटाचं काम म्हटलं की एक राबतो आणि दोघे टाळ्या वाजवतात, हा जगाचा नियम. त्यावर तिचा तोडगा असा, की तोंडी परीक्षेत ती कोणालाच स्वतःचं काम विचारत नाही. "हिने काय केलंय ते तू मला समजावून सांग," एवढंच म्हणते. तेवढ्यात दूध का दूध होऊन जातं. एकदा एका मुलाने मैत्रिणीचं काम इतकं रंगवून सांगितलं की मैत्रीणच म्हणाली, "अगंबाई, हे मी केलंय?"

शिकवायला येण्याआधी ती एका कंपनीत होती. मोठमोठ्या साइट बनवायची, हाताखाली माणसं होती. मग तिच्या आईचे डोळे बिघडले. दिसत होतं, अजूनही दिसतं, पण ऊन सहन होईना. कडक उजेड डोळ्यांत शिरला की पाणी, कळ, मग भोवळ. वडील कधीच गेलेले, दादा दुसऱ्या गावी आपल्या संसारात. कंपनीचं काम तिला सकाळी गिळायचं आणि रात्री बाहेर टाकायचं. कॉलेजच्या नोकरीत दुपारी लवकर घरी जाता येत होतं. ती आली. यात काही त्याग वगैरे केला असं तिने कधी दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तिच्या आईनेच तिला घराबाहेर काढलं असतं.

आई एके काळी घरोघर जाणारी नर्स होती. बाळंतिणी, म्हातारे, मोडलेले पाय, कोणाचं ड्रेसिंग, कोणाचं इंजेक्शन. दुपारची वेळ तिची फिरण्याची, कारण दुपारी लोक घरी सापडतात. आता तीच दुपार तिला बंद झाली होती. त्यांच्या घरी मी अनेकदा गेले आहे. खिडक्यांना जाड तपकिरी पडदे, आत चहाच्या रंगाचा उजेड, पंख्याचा एका लयीतला आवाज. बाहेरून आलं की डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही, आणि मग पाण्याखालून वर यावं तसं एकेक दिसू लागतं. कपाट, टेबल, खुर्ची, खुर्चीत आई.

अशा दुपारी आई झोपत नसे. डोळे मिटून पडून राही आणि मनातल्या मनात फिरे. मधूनच मोठ्याने बोले. "आता मी पाण्याच्या टाकीशी आले." थोड्या वेळाने, "शिंपीणबाईंचं दार बंद आहे वाटतं." मुलगी शेजारी बसून कोड तपासत असायची. ती म्हणायची, "मागच्या दाराने जा, आई." आई म्हणायची, "मागे कुत्रं आहे."

त्या वर्षी सत्राच्या अखेरीस तिच्यापुढे जे गट आले त्यात एक तिघांचा होता. एक उंच मुलगा, ज्याला सगळे बांबू म्हणत. एक मुलगी, जिला मुनीम म्हणत, कारण तिच्या हिशोबातून स्वल्पविरामही सुटत नसे. आणि एक झोपाळू. ही मुलगी खरोखरच झोपाळू होती. माझ्या तासाला तिसऱ्या बाकावर ती अशा काही शांतपणे डोळे मिटायची, की तिला उठवणं म्हणजे झाडावरचा पक्षी उडवल्यासारखं वाटायचं. मी दोनदा उठवलं, मग सोडून दिलं. परीक्षेत तिला बरे गुण मिळत.

त्यांची साइट सावलीची होती. आपण कुठून निघणार आणि कुठे जाणार ते सांगायचं, वेळ सांगायची. मग ती साइट जवळचा रस्ता दाखवत नसे, सावलीचा दाखवत असे. त्या वेळी सूर्य कुठे असेल, कुठल्या इमारतीची सावली कुठवर पडेल, कुठलं झाड किती पसरलं आहे, असा सगळा हिशोब करून नकाशावर निळसर पट्टे उमटत. वेळ पुढे सरकवली की पट्टे रस्त्यावरून सावकाश कड बदलत. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. दुपार सरकवत बसायला छान वाटत होतं.

तिघांनी गाव आपसात वाटून घेतलं होतं. ज्याने त्याने आपल्या वाट्याच्या गल्ल्या फिरायच्या, इमारतींची उंची आणि झाडांचा घेर मोजून आत भरायचा. सूर्याचं गणित बांबूने लिहिलं होतं. ते मी तपासलं आणि मला ते आवडलं. दिसणं आणि भरलेल्या माहितीची छाननी मुनीमची. झोपाळूने तिसरा भाग भरला होता, आणि चालणाऱ्याला वाट सांगणारी वाक्यं तिची होती. 'डावीकडची भिंत धरून चला.' 'इथे थोडं थांबलात तरी चालेल.'

जिन्याखाली, तडकलेल्या फोनवर, सगळा वेडेपणा करूनही साइट पडली नाही. कात्रीने चष्मा खाली घेतला. "टेबलावर बसून सावली कशी तपासणार?" ती म्हणाली. "चालून बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन निघाली, तेव्हा आईने खुर्चीतून विचारलं, "कुठे?"

"कामाला. एक साइट तपासायची आहे. सावलीतून चालायचं आहे."

आईने पडद्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "कुठपर्यंत आहे सावली?"

"ते म्हणतात, नदीपर्यंत."

"मग मी येते."

पुढचं सगळं मला तिने सांगितलं, आणि तिच्यापेक्षा जास्त तिच्या आईने. आईने काळा चष्मा लावला, जुने चालायचे बूट शोधून काढले. ते इतके दिवस पडून राहिल्याने कडक झाले होते. दोघी जिना उतरल्या. दारातून बाहेर पाऊल टाकताना आईने लेकीचा दंड घट्ट धरला. पण नकाशात होती तशीच, समोरच्या इमारतीची सावली दारापर्यंत आली होती, आणि तिथून ती एखाद्या गालिच्यासारखी कोपऱ्यापर्यंत गेली होती.

दुपारचं गाव झोपलेलं होतं. अर्ध्या दुकानांची दारं ओढलेली. एका खिडकीतून शिलाई मशीनचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा, जणू मशीनच पेंगत होतं. वरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींची सावली रस्त्यावर पडली होती आणि वाऱ्याबरोबर हलत होती. आई त्या हलत्या सावलीतून पाय भिजवत चालल्यासारखी चालली. एक कुत्रा त्यांच्या पुढे पुढे, भिंत धरून, सावलीतूनच चालला होता. "याने साइट बघितलेली दिसते," आई म्हणाली.

फोन सांगत होता तशा त्या वळत गेल्या. कुठे एखाद्या सज्जाची चिंचोळी सावली, अंग आखडून जाण्याएवढीच. कुठे एखाद्या टाकीचा गोल तुकडा, डबक्यासारखा. एका पायरीशी 'इथे थोडं थांबलात तरी चालेल' असं आलं, आणि तिथे खरंच गारवा होता. आई बसली. बसल्या बसल्या तिने एकेका घराकडे बोट दाखवायला सुरुवात केली. इथे जुळी झाली होती. इथला म्हातारा इंजेक्शन म्हटलं की पलंगाखाली शिरायचा. या दारात मला मांजर चावलं. कात्री नंतर मला म्हणाली, मला वाटत होतं आई हे सगळं स्वप्नात बडबडते आहे, आणि मी कशी काय त्या स्वप्नात आले आहे कोण जाणे.

मग त्या नदीकडच्या वळणाशी आल्या. फोनवर तिथे मोठा निळा घेर होता, साऱ्या नकाशातला बहुतेक सर्वांत मोठा. 'इथे झाडाखालून सावकाश जा,' असं लिहिलं होतं. दोघी गल्लीतून बाहेर पडल्या आणि थेट उन्हात उभ्या राहिल्या.

झाड नव्हतं. पांढरा रस्ता होता, पांढरी भिंत होती, आणि दोन्हींवरून ऊन डोळ्यांवर येत होतं. मागची सावली तोवर भिंतीत शिरली होती. आईने चष्म्यावर हात धरला, मग दुसरा हात. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "ठमे, मला काही दिसत नाही गं," ती म्हणाली. चाळिशी ओलांडलेल्या लेकीला ती अजून ठमे म्हणते. कात्रीने छत्री आणली नव्हती. साइटवर भरवसा ठेवायचा हीच तर तपासणी होती. तिने खांद्यावरची लॅपटॉपची पिशवी आईच्या डोक्यावर धरली. तिला एकाच वेळी रडू येत होतं आणि राग येत होता.

रस्त्यापलीकडच्या केशकर्तनालयातून न्हावी बाहेर आला. त्याने काही विचारलं नाही. हातातला पांढरा कपडा झटकून आईच्या डोक्यावरून घेतला आणि दोघींना आत नेलं. आत अंधार होता, पाण्याचा आणि साबणाचा वास होता. त्याने आईला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची मागे कलती केली आणि डोळ्यांवर ओला पंचा ठेवला.

"झाड बघायला आलात का?" मग त्याने विचारलं. "अजून येतात लोक. सायकल टेकवायला येतात आणि बघत राहतात. मागच्या वर्षी रस्ता रुंद केला तेव्हा पाडलं. फार मोठं होतं. जांभळी फुलं पडायची, आरशात रस्ता जांभळा दिसायचा."

कात्रीने उत्तर द्यायच्या आत खुर्चीतून मंद घोरण्याचा आवाज आला. आईला झोप लागली होती. कित्येक वर्षांत दुपारी न लागलेली झोप. न्हाव्याने रेडिओ बंद केला. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने खुणेनेच बाकावर बसवलं. ऊन कलेपर्यंत ते तिघे गप्प बसून होते, मधे आई झोपलेली. जागी झाल्यावर आईने आरशात पाहून केस सारखे केले आणि न्हाव्याला म्हणाली, "पुढच्या वेळी कापून घेईन."

तोंडी परीक्षेच्या दिवशी कात्री माझ्याआधी येऊन बसली होती. तिने मला सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "आज मी नीट बोलेन ना, तेवढं बघ."

तिघे आले. बांबू नेहमीप्रमाणे दाराच्या चौकटीला वाकून आत आला. तिने नेहमीचाच प्रश्न विचारला, एकमेकांची कामं समजावून सांगायला लावली. तिघांनाही सगळं येत होतं. झोपाळूने सूर्याचं गणित इतकं सोपं करून सांगितलं की मी ते पुढे वर्गात वापरलं. कात्री ऐकत होती. मग तिने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली आणि त्या निळ्या घेरावर बोट ठेवलं.

"हे कोणी मोजलं?"

"मी," झोपाळू म्हणाली.

"केव्हा?"

मुनीमने तिच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"मी गेले नव्हते, मॅडम," झोपाळू म्हणाली. "आम्ही आधी तिथेच राहायचो. हे दोघं फिरत होते, मला वाटलं, मला तो भाग डोळे मिटून माहीत आहे. मग मी डोळे मिटूनच भरला."

"मॅडम, पण तो बरोबर आहे," बांबू घाईने म्हणाला. "म्हणजे, आम्हाला वाटलं की—"

"तुमच्यापैकी कोणी जाऊन पाहिलं?"

"तो तिचा भाग होता," मुनीम पुटपुटली. तिचे कान लाल झाले होते. छाननी तिची होती, आणि तिने आकडे तपासले होते, रस्ता तपासला नव्हता.

"परवा मी माझ्या आईला घेऊन तिथे गेले," कात्री म्हणाली. "तिला ऊन चालत नाही. तुमच्या साइटने सांगितलं म्हणून ती त्या सावलीत उभी राहिली. तिथे झाड नाही."

मला वाटलं होतं, मुलगी खजील होईल, माफी मागेल. तिचा चेहराच वेगळा झाला. आपल्याला कोणी भलत्याच भाषेत काही सांगितल्यासारखी ती बघत राहिली.

"जांभळ्या फुलांचं?" ती म्हणाली.

"हो."

"ते नाहीये?"

"मागच्या वर्षी पाडलं."

खोलीत पंखा फिरत होता. झोपाळू स्क्रीनवरच्या निळ्या घेराकडे बघत होती. मग ती बोलू लागली, आम्हाला सांगत होती की स्वतःशी बोलत होती ते कळत नव्हतं. तिचे बाबा शाळेची व्हॅन चालवायचे. सगळ्या मुलांना घरी सोडून झालं की दुपारच्या शाळेची मुलं सुटेपर्यंत मधे वेळ असायचा. तेव्हा ते व्हॅन त्या झाडाखाली लावायचे. बाबा पुढच्या सीटवर, ती मागच्या लांब सीटवर. दोघं झोपायची. टपावर फुलं पडल्याचा आवाज यायचा, अगदी हलका. बाबा झोपेतच म्हणायचे, 'पाऊस नाही, झोप.'

"आता ते लांबचा ट्रक चालवतात," ती म्हणाली. "घरी आले की झोपतात, पण ते वेगळं." थोडं थांबून तिने विचारलं, "सगळं पाडलं? बुंधापण नाही?"

कात्रीने मान हलवली. तिच्या ओठांवर 'इथे थोडं कापावं लागेल' हे वाक्य कुठेतरी असणार, पण ते आलं नाही. "जा तुम्ही," ती म्हणाली. "झाली परीक्षा."

मुलं गेल्यावर मी म्हटलं, "या मुलीला आज कापू नकोस."

"न कापून तिला काय देऊ? झाड?" ती म्हणाली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. "परीक्षा घेता घेता मी तिला मयताची बातमी दिली गं."

गुण भरायला अजून मुदत होती. त्या दिवसांत ती दुपारी घरी जायच्या आधी एकटीच गावात फिरायची. झोपाळूचा सगळा भाग तिने पायाखाली घातला. सज्जे, टाक्या, भिंती, एका बंद दुकानाची अर्धवट उतरलेली ताडपत्रीसुद्धा. सगळं जागच्या जागी होतं. त्या मुलीने कित्येक वर्षं न पाहिलेली गल्ली झोपेत चालल्यासारखी चालून बिनचूक उतरवली होती. चूक एकच होती. पण पाहिलं नव्हतं, हे मात्र सगळ्यालाच लागू होतं.

"काय करू?" तिने मला विचारलं. ती असं विचारणाऱ्यांतली नाही.

"आमच्याकडे उत्तर बरोबर आणि पायऱ्या नाहीत, अशी गणितं येतात," मी म्हटलं. "उत्तराचे गुण देतो, पायऱ्यांचे कापतो."

तिने तसंच केलं. साइट चालते याचे, गणिताचे, वाक्यांचे भरघोस गुण. न फिरता भरल्याबद्दल झोपाळूचे कापले. आणि एकमेकांचं काम जाऊन पाहिलं नाही म्हणून तिघांचेही कापले, मुनीमचे थोडे जास्त. विभागप्रमुखांना वाटलं, इतक्या चांगल्या प्रकल्पाला हे फार कडक झालं. तिने त्यांचं ऐकून घेतलं आणि गुण होते तसेच ठेवले.

निकालानंतर झोपाळू आमच्या खोलीत आली. आम्हाला वाटलं, गुणांबद्दल बोलेल.

"मी जाऊन आले," ती म्हणाली. "न्हावीकाकांनी खुर्चीत बसवलं. मला झोप नाही आली." मग थोडं अडखळत म्हणाली, "मॅडम, तुमच्या आईंना खूप त्रास झाला का?"

"झाला. मग ती तुझ्यासारखी झोपली."

मुलगी हसली नाही, पण तिचा चेहरा जरा सैल झाला. "नकाशातून ते मी काढलं. काढताना साइट विचारते ना, 'नक्की काढायचं?' ते बटण मीच बनवलं होतं." कात्रीने समोरची खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली. मी उठून कुंडीला पाणी घातलं, त्या दिवशी आधीच घातलेलं असूनही.

विषय संपला होता, गुण बदलणार नव्हते, तरी त्या तिघांचं काम चालूच राहिलं. मुनीमने बाकी दोघांना गल्लीगल्लीतून पुन्हा फिरवलं. बांबू म्हणे तिला घाबरून सकाळीच तयार होऊन बसायचा. मग त्यांनी साइटमध्ये एक गोष्ट घातली. कुठल्याही सावलीवर बोट ठेवलं की ती शेवटची कोणी डोळ्यांनी पाहिली आणि केव्हा, ते दिसू लागलं. खाली एक बटण होतं, 'पाहिलं' एवढंच लिहिलेलं. जो तिथे उभा असेल त्याने दाबायचं. कोणाची कल्पना असं कात्रीने विचारलं, तर तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

साइट फार कोणी वापरतं असं नाही. टपाल वाटणारा एक जण वापरतो. तान्ह्या मुलांना गाडीत घालून फिरवणाऱ्या काही आया वापरतात. आणि तिची आई. आता तपकिरी पडदे दुपारीही अर्धे उघडे असतात, कारण निघायच्या आधी आईला बाहेरची सावली कुठवर आली ते बघायचं असतं. छत्री बरोबर असते. कधीकधी कात्री वर्गात असताना फोन वाजतो. ती मुलांना थांबायला सांगून दाराशी जाते आणि हळूच बोलते, "मग तिथेच थांब जरा. सावली येतेय तुझ्याकडे."

थंडीत एकदा मी त्या दोघींबरोबर फिरायला गेले होते. ऊन कोवळं, धुरकट. आई प्रत्येक झाडाशी थांबायची, बुंध्यावर हात ठेवायची आणि दुसऱ्या हाताने फोनवर 'पाहिलं' दाबायची. एक झाड पूर्ण निष्पर्ण होतं, नुसत्या काड्या. त्याच्याशीही थांबली, दाबलं.

"आई, याला पान नाही," कात्री म्हणाली. "सावली कुठाय इथे? चुकीची माहिती जाईल."

"मी पाहिलं म्हटलंय. सावली आहे असं कुठे म्हटलंय?"

"लोक त्याचा अर्थ तोच घेणार."

"मग तुझ्या मुलांना सांग, पानांचं वेगळं बटण करा."

कात्री तिथेच उभी राहिली. ती खरंच विचार करत होती, असं बटण कुठे बसेल, त्याला काय म्हणावं. आई तोवर पुढच्या झाडाकडे निघाली होती. रस्त्यावर काड्यांची बारीक जाळी पडली होती, आणि तिच्यातून ती काळा चष्मा कपाळावर सरकवून चालली होती.